पिकअप डावीकडे ओढते? स्टेअरिंग बॉक्स उघडण्याआधी मागचा ॲक्सल मोजा

ग्वाल्हेरच्या दादांनी विचारलंय की सेकंडहँड पिकअप घेऊन चार महिने झाले, गाडी डावीकडे ओढते, तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झाली, पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग उजवीकडे वाकडंच धरावं लागतं, आणि आता मिस्त्री म्हणतोय स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं वळण चाकांकडे नेणारा गिअरचा डबा) बदला. दादा, थांबा. बॉक्सला हात लावू देऊ नका. तुमचं वाचताना मला माझीच 2019 सालची गाडी दिसली. फरक इतकाच की मी तो बॉक्सही बदलून बसलो होतो.

आधीच सांगतो, मी मिस्त्री नाही. इंदूरला आमचा मंडप-केटरिंगचा धंदा आहे, पिकअप दोन. लोखंडी पाइप, सतरंज्या, भांडी, सिलिंडर भरून बायपासला रोजची ये-जा. त्यामुळे मी सांगतो ते मार खाऊन शिकलेलं आहे, पुस्तकातलं नाही. तुमच्या गाडीत दुसरंच काही निघालं तर मला बोल लावू नका.

हवा सारखी आहे का, पुढे एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल असं तर नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल, सोडून देतो. एक मात्र विचारतो. सरळ जाताना हाताला जोर लागतो, की जोर न लागता स्टेअरिंग नुसतं वाकडं राहतं?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांनाही आपण 'गाडी ओढते' असंच म्हणतो. माझं निम्मं नुकसान या एका शब्दाने केलं. मी जाईन तिथे 'ओढते' म्हणायचो आणि समोरचा ओढण्याचंच औषध द्यायचा.

हाताला खरंच जोर लागत असेल तर टायर, ब्रेक किंवा कॅस्टर (पुढचं चाक ज्या कण्याभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल). टायरचं कळायला सोपं आहे. पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल तपासण्यापुरतीच.) ब्रेक धरत असेल तर दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, उतरा आणि चारही चाकांच्या ब्रेक ड्रमवर (पुढे डिस्क असेल तर डिस्कवर) पाण्याचे थेंब टाका. एकाच चाकावर चर्र झालं तर तिकडे बघा. ब्रेकचा रबरी होज आतून फुगला तर बाहेरून चांगला दिसतो, पण दाब परत सोडत नाही आणि चाक अर्धवट धरून ठेवतो.

जोर लागत नाही, फक्त स्टेअरिंग वाकडं? मग पुढचं सगळं विसरा आणि मागे जा.

माझं काय झालं ते सांगतो. लग्नसराईत एका गार्डनमध्ये सामान उतरवत होतो. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकने मागच्या डाव्या कोपऱ्याला ठोकर दिली. बॉडीचा कोपरा चेपून थेट चाकावर बसला. विम्याचा क्लेम टाकला, नुकसान बघायला सर्व्हेअर आला, फोटो काढले, बॉडी आणि मागचा लाइट लिहिला, गेला. गाडीखाली वाकून कोणीच पाहिलं नाही. त्यात मीही आलो. गॅरेजने पत्रा सरळ केला, रंग दिला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा दारातच कागद पुढे आला: काम समाधानकारक झालं, सही करा. केली. रिकामी गाडी घरापर्यंत आणली, छान वाटली. त्याच रात्री पाइप भरले आणि देवास नाक्यापर्यंत जाताना स्टेअरिंग उजवीकडे वाकलेलं.

आठवड्याभरात विम्याच्या कचेरीत गेलो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. खिडकीवरच्या माणसाने फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, 'तुमची सही आहे, क्लेम बंद आहे, रस्त्याला डावीकडे उतार असतोच, अलाइनमेंट करून घ्या.' पुढच्या महिन्यात परत गेलो तर साहेब रजेवर. तिसऱ्यांदा गेलो तर खिडकीवरचा तो पहिला माणूसच दुसऱ्या शाखेत बदलून गेलेला. तिन्ही वेळा मी तोंडी विचारलं आणि तोंडी 'नाही' घेऊन घरी आलो. गाढवपणा माझाच. लेखी अर्ज दिला असता, त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला असता, तर काहीतरी हातात राहिलं असतं. काम चालू असताना आत लपलेलं नुकसान निघालं तर पुरवणी एस्टिमेट देऊन सर्व्हेअरला परत बोलावता येतं, हेही मला नंतर कळलं. आणि आपल्या मध्य प्रदेशासाठी विमा लोकपालाची कचेरी भोपाळला आहे, तक्रारीला फी नाही. पण आधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी लागते. तीस दिवस उत्तर नाही आलं, किंवा नकार आला, की त्यानंतर वर्षाच्या आत तिकडे जायचं. माझ्याकडे कागदच नव्हता, कुठे जाणार?

'रस्त्याचा उतार' हे मात्र अगदीच खोटं नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडी थोडी डावीकडे जाणारच. याच कारणाने डावी ओढ कोणी मनावर घेत नाही. उजवीकडे ओढली असती तर पहिल्या दिवशी सगळे खाली वाकले असते. तपासायचं असेल तर पहाटे एखाद्या रिकाम्या, दुभाजक नसलेल्या गावरस्त्यावर, समोरून कोणी नाही हे बघून, मधोमध माथ्यावरून हळू चालवा. हात स्टेअरिंगवरून काढू नका, सैल ठेवा.

पुढचे चौदा महिने मी पुढच्या चाकांवर पैसे ओतले. पाच अलाइनमेंट, दोन टायर, टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा), शेवटी स्टेअरिंग बॉक्स. सगळे मिळून 40 हजारांच्या वर गेले. प्रत्येक वेळी अलाइनमेंटवाला स्टेअरिंगच्या दांड्यांची (लिंकची) लांबी कमी-जास्त करून स्टेअरिंग सरळ करून द्यायचा आणि दोन-चार फेऱ्यांत ते परत वाकडं. त्याचं मशीन फक्त पुढच्या दोन चाकांचं होतं. पुढची चाकं एकमेकांशी जुळली की ते हिरवं दाखवतं. मागचा ॲक्सल (मागची दोन्ही चाकं ज्यावर बसतात तो आडवा दांडा) कुठे तोंड करून आहे ते त्याला माहीतच नाही. शिवाय टो (वरून पाहता पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली) बिघडला तर टायर खातो, गाडी एका बाजूला नेत नाही. तरी पाचही वेळा टोच लावला गेला, आणि मी पाचही वेळा पैसे मोजले.

सुटका झाली ती आमच्या दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरमुळे. बायपासला तो माझ्या मागे होता. उतरल्यावर म्हणाला, 'भिया, तुमची गाडी तिरकी चालते. मागचं चाक पुढच्याच्या रेषेत नाही, उजवीकडे निघालेलं दिसतं.' तेव्हा मी कमानीवाल्याकडे गेलो (कमान म्हणजे ॲक्सल धरून ठेवणारी लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग; तुमच्याकडेही कमानच म्हणत असतील, महाराष्ट्रात पाटे म्हणतात). त्याने मशीन लावलं नाही. सपाट फरशीवर गाडी उभी केली, पुढची चाकं सरळ केली, चारही हबच्या मध्यापासून ओळंबा सोडला, खडूने खुणा केल्या आणि टेप धरला. डावीकडचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर उजवीकडच्यापेक्षा 17 मिलिमीटर कमी! डाव्या कमानीचा सेंटर बोल्ट (ॲक्सल जागेवर ठेवणारा मधला बोल्ट) तुटलेला, यू-बोल्ट (ॲक्सल कमानीला आवळून धरणारे) ढिले, आणि कमानीवर ॲक्सल घासून पडलेला चकचकीत पट्टा. ट्रकच्या ठोकरीने डावं चाक पुढे सरकलं होतं.

मग सगळा हिशेब लागला. मागचा ॲक्सल तिरका असला की मागची चाकं गाडीला भलतीकडे ढकलतात. माझी डावी बाजू पुढे होती, म्हणून स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जायची आणि सरळ जाण्यासाठी ते उजवीकडे धरावं लागायचं. बोल्ट तुटलेला असल्याने ॲक्सल जागच्या जागी सरकत होता: ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे, पाय काढला की थोडी सरळ. ही खूण मला पहिल्या महिन्यापासून जाणवत होती, पण मी कोणाला सांगितली नाही, कारण ऐकायला वेडगळ वाटायची. तुमच्या गाडीत ती असेल तर मी जवळजवळ पैज लावेन. जवळजवळ.

मोजताना एक काळजी घ्या. फरक निघाला तर मागचा ॲक्सल सरकलाय की पुढचा, हे त्यावरून कळत नाही. चेसिसच्या दोन्ही बाजूंना सारखी भोकं असतात. त्यातल्या एकाच जोडीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत डावीकडे-उजवीकडे मोजा, म्हणजे गुन्हेगार ठरेल. तीन-चार मिलिमीटर मी सोडून देतो, टेप धरण्यातही तेवढी चूक होते. एक सेंटिमीटरच्या वर गेलं तर चारही चाकं मोजणाऱ्या अलाइनमेंट मशीनवर 'थ्रस्ट अँगल'चा (मागची चाकं गाडीच्या सरळ रेषेपासून किती तिरकी आहेत त्याचा) कागद मागा. पण तिथे दोष सुटणार नाही. या कमानीच्या ॲक्सलला फिरवायला बोल्ट नसतो, काम कमानीवाल्याचंच. माझ्याकडून त्याने नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट धरून 2,600 घेतले. जुने यू-बोल्ट परत घालू देऊ नका, आणि माल भरून दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळून घ्या. हे माझ्याकडून राहिलं होतं आणि परत एकदा खाली झोपावं लागलं.

सेकंडहँड आहे म्हणताय, तर मागच्या बॉडीच्या कोपऱ्यावर रंगाचा फरक दिसतो का तेही बघा. टायर विकत घेताना कडेवरचे बनावटीच्या तारखेचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला 'नवे' म्हणून दिलेले तीन वर्षं गोदामात पडलेले निघाले, पण ते रडगाणं परत कधीतरी.

तोवर दोन्ही बाजूंची मापं घेऊन कळवा, आणि गाडी भरून मोजलीत की रिकामी, तेही लिहा.