देव पुरवील असं म्हणत किती दिवस काढायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आठ महिने झाले, हाताला काम नाही. साठवलेलं संपत आलंय. प्रार्थना रोज चालू आहे. जो तो सांगतो की देव परीक्षा बघतोय, विश्वास ढळू देऊ नका, आणि तुम्हाला मात्र आता विश्वास ठेवल्याचं सोंग केल्यासारखं वाटतंय. मग विश्वास टिकवायचा कसा, असं तुम्ही विचारता. शेवटी कंसात एक वाक्य टाकलंय तुम्ही: खरी परिस्थिती अजून कुणालाच सांगितलेली नाही.

मी त्या कंसापाशीच अडकलो. माझ्या बाबतीत सगळी गोम तिथेच होती.

मी श्रद्धाळू माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. देव मानत नसलेली मंडळी तुम्हाला वेगळं उत्तर देतील, तेही जरूर वाचा.

काही वर्षांपूर्वी मी ज्या विभागात होतो तो अख्खा विभागच कंपनीने बंद केला. पहिले तीन महिने मी अगदी निर्धास्त होतो. गीतेच्या नवव्या अध्यायातला श्लोक रोज म्हणायचो: 'तेषां नित्याभियुक्तानां योगक्षेमं वहाम्यहम्'. जे नाही ते मिळणं हा योग, जे आहे ते राखलं जाणं हा क्षेम, आणि दोन्हींचा भार मी वाहतो असं भगवंत म्हणतात. (गंमत म्हणजे हेच दोन शब्द आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली आहेत. देवावर भार टाका आणि हप्ताही वेळेवर भरा! लहानपणी मला यात विसंगती वाटायची. आता वाटत नाही, ते का ते पुढे येईलच.)

फोनवर कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "मजेत. देवाची कृपा." मला ते श्रद्धेचं बोलणं वाटायचं. परिस्थिती सांगत सुटणं म्हणजे देवावर भरवसा नसणं, असं काहीतरी मी डोक्यात धरून बसलो होतो. देवाला ठाऊक आहे ना, मग माणसांना कशाला सांगायचं?

सहाव्या महिन्यात एका रात्री आईला रक्तदाबाची गोळी द्यायला मी पाकीट हातात घेतलं. एरवी ती स्वतःच घ्यायची, त्या दिवशी पाय दुखत होते म्हणून उठली नाही. पाकिटाच्या एका खणाचा चंदेरी कागद फाडून परत अंगठ्याने नीट दाबून बसवलेला होता. आत अर्धी गोळी. मधल्या रेषेवर सुरीने कापलेली, कडेला थोडा पांढरा चुरा. मी तारीख आठवली आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. जे पाकीट आठवड्यापूर्वी संपायला हवं होतं त्यात अजून सहा शिल्लक होत्या.

विचारलं तर म्हणाली, "हल्ली चक्कर येत नाही रे, अर्धी पुरते. बघतो देव."

बघतो देव. माझंच वाक्य तिच्या तोंडून आलं. ती माझ्यापासून लपवत होती, मी जगापासून लपवत होतो, आणि दोघांनीही वर देवाचं नाव पांघरलं होतं. (ही गोळी डॉक्टरांना न विचारता अर्धी करू नये. आमचं थोडक्यात निभावलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन फोन केले. पहिला उचललाच नाही. दुसरा "बघतो, कळवतो" म्हणाला आणि त्याने आजतागायत कळवलेलं नाही. तिसरा एकेकाळी माझ्या हाताखाली होता आणि एकदा मी त्याला सगळ्यांदेखत नको तितकं बोललो होतो, म्हणून त्याला फोन लावताना बोटं अडखळली. तो म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्ही कधीच दुसरीकडे रुजू झालात. तुम्हीच तर सगळ्यांना मजेत आहे म्हणत होतात." त्याच्याकडे हिशेब तपासण्याचं थोडं काम अडलेलं होतं. माणूस मिळत नव्हता. दोन महिने तोही देवाकडे मागत होता की काय कोण जाणे, मी विचारलं नाही.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. पुरावा तर नाहीच नाही. पक्की नोकरी लागायला त्यानंतरही सात महिने गेले. म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेलं मोडावं लागलं आणि मुलीचं शिक्षणाचं एक वर्ष वाया गेलं. जे गेलं ते गेलं, देवाने ते दामदुप्पट परत केलं असं काही झालं नाही. तसं सांगणाऱ्यांपासून सांभाळून राहा.

आता 'परीक्षा' या शब्दाबद्दल. खरं सांगायचं तर मला हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र त्याला समजवायला आले. सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. मग बोलायला लागले: तुझं काहीतरी चुकलं असणार, देव उगाच असं करत नाही. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जाब विचारतो, जन्मलो तो दिवस जळो म्हणतो. आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर! माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही बोललात, असं तो त्यांना सुनावतो. म्हणजे तुम्हाला जो सोंग केल्याचा त्रास होतोय तो माझ्या मते अश्रद्धेचा नाही. चिडून केलेली प्रार्थना चालते. खोटी गोड प्रार्थना जड जाते, बहुधा दोन्ही बाजूंना.

तुकोबांचं घ्या. १६३० च्या आसपासच्या दुष्काळाबद्दल ते लिहितात, 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. या ओळीत कसलंही सांत्वन नाही. काय झालं ते तसंच्या तसं ठेवलंय, मान गेला हेसुद्धा. तेच तुकोबा दुसऱ्या अभंगात म्हणतात, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. लोक ही दुसरी ओळ उचलतात आणि अडचणीतल्या माणसाला ऐकवतात. अहो, ते 'बरें जालें' त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलंय, आणि मागे वळून बघताना म्हटलंय. ते दुसऱ्याच्या दिवाळ्यावर चिकटवायचं लेबल नाही. तुम्हाला ते कधी म्हणावंसं वाटलंच तर तुम्ही म्हणाल, नाही वाटलं तर नाही.

मला स्वतःला त्या काळात सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती बायबलमधल्याच एलीया या संदेष्ट्याची गोष्ट, आणि तीही तिच्यातल्या एका छोट्या वाक्यामुळे. देशात अवर्षण आहे. देव एलीयाला सांगतो, करीथ ओहळापाशी जा. तो जातो. ओहळाचं पाणी पितो, कावळे सकाळ-संध्याकाळ खायला आणून देतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं वाक्य असं आहे की काही दिवसांनी तो ओहळ आटला, कारण पाऊस नव्हता. बस्स. एलीयाचं काही चुकलं म्हणून नव्हे, त्याचा विश्वास कमी पडला म्हणूनही नव्हे. पाऊस नाही म्हणून ओहळ आटला. देवानेच दाखवलेला ओहळ देवाच्या माणसासमोर कोरडा पडतो, आणि ग्रंथ त्याबद्दल सारवासारव करत नाही.

त्यानंतर देव त्याला कुठे पाठवतो? एखाद्या सावकाराकडे नाही. परक्या मुलखातल्या सारफथ गावच्या एका विधवेकडे. ती वेशीपाशी काटक्या वेचत असते, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. मुलासाठी आणि स्वतःसाठी शेवटचं काहीतरी करून खायचं आणि मरायचं, एवढाच तिचा बेत. आणि एलीया तिच्याकडे चक्क मागतो. एवढा मोठा संदेष्टा, ज्याला कावळे खाऊ घालत होते, तो फाटक्या बाईपुढे हात पसरतो. ती आपली खरी अवस्था सांगते, तोही आपली गरज सांगतो. मगच ते मडकं आणि ती कुपी पुरत राहते. दोघांपैकी कुणी एक जरी 'मजेत' म्हणालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

आता यावर कुणी म्हणेल की न मागता जगलेले लोकही आहेत. आहेत. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर (१८०५ ते १८९८) हे त्यातलं ठळक नाव. आयुष्यभरात सुमारे १०,००० मुलं त्यांनी सांभाळली, कुणाकडे पैसे मागितले नाहीत, कर्ज काढलं नाही. पण त्यांची नुसती निर्धास्त तसबीर डोळ्यांसमोर आणू नका. पै-पैचा हिशेब ते ठेवत आणि छापून काढत. आणि १८३८ मध्ये पैसा पार तळाला गेला तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांना बसवून स्थिती सांगितली, सहकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घातलं. बाहेरच्यांपुढे तोंड बंद ठेवणारा माणूसही घरातल्यांपासून लपवत नव्हता. शिवाय ते व्रत त्यांनी समजून घेतलं होतं. आपलं न बोलणं बहुतेक वेळा व्रत नसतं, लाज असते.

या लाजेबद्दल पंडिता रमाबाईंनी फार उघडपणे लिहिलंय. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्या घरचं सगळं दानधर्म, व्रतं आणि तीर्थयात्रांमध्ये संपलं. देव काहीतरी करील म्हणून वाट बघितली. भीक मागणं आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही कमीपणाचं वाटलं आणि पोट भरण्याची दुसरी विद्या नव्हती. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. एखादी बाई यानंतर 'देव पुरवतो' हे शब्द पुन्हा उच्चारणार नाही असं वाटतं. त्यांनी पुढे धर्म बदलला, म्यूलरांचं चरित्र वाचून देवाच्या भरवशावर संस्था चालवायचं ठरवलं. पण विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेला अमेरिकेतून मिळालेली मदत दहाच वर्षांच्या बोलीची होती, आणि ती संपणार हे दिसत असताना त्यांनी केडगावला जमीन घेतली, झाडं लावली. हा ओहळ आटणार आहे हे ओळखून दुसरीकडे खणायला लागणं, याला मी अविश्वास म्हणणार नाही.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या वचनांच्या संग्रहात, हेच अगदी दोन ओळींत आहे. एक जण पैगंबरांना विचारतो, उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून? उत्तर मिळतं, आधी बांध, मग भरवसा ठेव. आपल्याकडे उलट्या वृत्तीची टिंगल करायला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' आहेच. पण मला वाटतं तुमच्यासारखी माणसं खाटल्यावर पडून नसतात. आठ महिने अर्ज करणारा माणूस आळशी नसतो. उंट बांधायची एकच दोरी तुम्ही वापरायची बाकी ठेवली आहे, ती म्हणजे तोंड उघडणं.

विश्वास कसा टिकवायचा, हे तुम्ही विचारलंत. मला टिकवता आला नाही, मध्ये तो दोन-तीनदा सपशेल गेला. तो परत आला तेव्हा जरा बारीक होऊन आला होता. 'सगळं ठीक होईल' इतका तो मोठा राहिलेला नाही. आजचं आज, एवढाच आहे. बायबलमध्ये इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेलं अन्न, मिळायचा तोही एका दिवसापुरताच, दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला की त्यात किडे पडत. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं आणि तो टिकायचा. थोडक्यात, पुढचं बघूच नका असंही तिथे म्हटलेलं नाही.

तर मी तुमच्या जागी असतो तर आज प्रार्थनेनंतर घरातल्या एका माणसाला बसवून आकडा सांगितला असता. अंदाजे नाही, नेमका आकडा: किती उरलेत, किती आठवडे पुरतील, किती कुणाला द्यायचेत. नंतर तीन फोन. "काही असेल तर सांगा" असं मोघम बोलू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "आठ महिने घरी आहे, अमुक काम येतं, महिनाभरात काहीतरी लागेल" असं बोला. तिघांपैकी एक उचलणार नाही, एक बघतो म्हणेल. ते धरूनच चाला आणि चौथं नाव तयार ठेवा. जुनं भांडण असलेलं नाव यादीत असेल तर ते खोडू नका.

आईला मी त्या रात्रीच सांगितलं की गोळी पूर्ण घे, पैशांचं मी बघतो. ती हो म्हणाली. पण पहिलं काम मिळून दोन आठवडे झाले तरी सुरी तिच्या उशाशीच होती. ती तिथून स्वयंपाकघरात कधी गेली हे मला आठवत नाही. एक दिवस पाकीट बघितलं तर सगळे खण स्वच्छ फुटलेले होते.