"उद्या का?" मधला जोर नेमका कुठं?

प्रश्न असा आलाय की "तू उद्या लातूरला जायलास का?" ह्या एकाच वाक्याला कधी "नाही, परवा" तर कधी "नाही, नांदेडला" असं उत्तर येतं, हे जोरामुळं होतं का, आणि साध्या विधानातबी असं होतं का.

हो, जोरामुळंच. मराठीत एखादं अक्षर दाबून बोललं म्हणून सुट्या शब्दाचा अर्थ बदलत नाही, पण वाक्यात कुठला शब्द दाबला त्यावर बरंच ठरतं. जोर न देता विचारलं तर नुसतं "नाही" पुरतं, जात नाही, विषय संपला. पण "उद्या" दाबला की जाणं ठरलेलंच आहे असं धरलेलं असतं, शंका फक्त दिवसाची, म्हणून नुसतं "नाही" म्हणलं की विचारणारा तोंडाकडं बघत राहतो, मग कधी? म्हणजे "नाही" कशाला लागू होतं ते प्रश्नातला जोर ठरवतो.

विधानात तसंच. "मी दिलते पैसे" मध्ये "मी" दाबला तर दुसऱ्यानं नाही, मी दिलते, आणि "दिलते" दाबलं तर तू नाही म्हणायलास पण दिलते.

सगळ्यात घोळ नकारात. हुरड्याला बोलावल्यावर वहिनीनं मेसेज टाकला, "सगळे येणार नाहीत". तिच्या मनात जोर "सगळे"वर, म्हणजे काही जण येणार, आईनं वाचताना तो "येणार नाहीत"वर दिला आणि कुणीच येत नाही म्हणून कणसं कमी आणली, आली पाच माणसं. फोनवर बोलली असती तर हे झालंच नसतं.

मला सगळ्यात आवडतं ते "उद्या का?". "उद्या" दाबून "का" हलका सोडला तर उद्याच ना एवढंच विचारलं, आणि "का" दाबला की उद्याच कशामुळं, आज काय झालं! अक्षरं तीच, पण एकाचं उत्तर हो किंवा नाही, दुसऱ्याला कारण द्यावं लागतं.

लिहिताना आवाज नसतो म्हणून आपण "च" लावतो, शब्द मागंपुढं करतो, नाहीतर मोठ्ठा, इत्तका, कद्धीच असं अक्षर दुप्पट करतो, बोलताना जोर दिला की ते खरंच तसं दुप्पट होतं. पण "सगळे... नाहीत"ला "च" लावूनबी भागत नाही, "सगळेच येणार नाहीत" दोन्हीकडं वाचता येतं. तिथं सरळ "काही जण येतील" नाहीतर "कुणीच येणार नाही" असं लिहावं.