व्हिसेऱ्यात विष निघालं नाही म्हणजे साप चावलाच नाही?

प्रश्न : माझा लहान भाऊ मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. रात्री शेडात खाली झोपला होता. मध्यरात्री पोट दुखायला लागलं, पापण्या उघडेनात. पहाटे तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं, सापाची लस दिली, पण दुपारी तो गेला. पीएम (शवविच्छेदन) तिथंच झालं, मृत्यूचं कारण राखून ठेवलं. आता सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल) आला, 'विष आढळले नाही'. शेतकरी अपघात अनुदानासाठी गेलो तर सर्पदंशाचा पुरावा मागतात. बॉडी गावी आणून पीएम केलं असतं तर बरं झालं असतं का? दोन राज्यांचे डॉक्टर-पोलीस एकमेकांशी बोलतात तरी का?
— एक वाचक, ता. सिरोंचा, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, सीए रिपोर्ट कोरा आला म्हणून साप चावला नाही, असं मुळीच नाही. व्हिसेऱ्यात, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांत, कीटकनाशक, दारू, धातू, धोतऱ्यासारखी विषं शोधतात. सापाचं विष हे प्रथिन आहे, ते या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. त्याची चाचणी वेगळी असते आणि ती सरसकट होत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं मण्यारीची वाटतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारी हीच. तिचे दात बारीक, सूज जवळपास नसतेच, खूण शोधूनही सापडत नाही कधी कधी.

मग कारण ठरवायचं कोणी? पीएम करणाऱ्या डॉक्टरनं. त्यांनी राखून ठेवलेलं मत अजून राखूनच आहे, हे तुमच्या लक्षात आलं नाही आणि अनुदानाचे कागद तपासणाऱ्यांच्याही आलं नाही. सीए रिपोर्ट हा शेवट नव्हे. तो पोलिसांकडून त्या डॉक्टरांसमोर जायचा असतो. मग ते दवाखान्याचे केसपेपर, लस दिल्याची नोंद, पंचनामा हे सगळं पाहून अंतिम मत देतात. बहुतेक घरचे लोक सीए रिपोर्ट घेऊन तहसीलच्या चकरा मारत बसतात आणि अंतिम मताचा कागद मागायचा राहून जातो.

बॉडी तिथं ठेवलीत ते योग्यच केलंत. पीएम जिथं मृत्यू झाला त्याच्या जवळच व्हावं. उन्हात गाडीतून आणलेल्या देहात पुष्कळ गोष्टी बिघडतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदीची, चौकशीही तिथल्याच पोलिसांची.

आता दोन राज्यांचं. याच संहितेत, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या, कलम 176 मध्ये एक दार ठेवलेलं आहे : सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं, आणि एखाद्या राज्यात तशी सोय नसेल तर ती होईपर्यंत दुसऱ्या राज्याची वापरायची. पण हे गुन्ह्यांसाठी. तुमच्या भावासारखा मर्ग त्यात बसत नाही. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर, आणि गोदावरी ओलांडली की वरंगळचं काकतीय मेडिकल कॉलेज त्याहून कितीतरी जवळ. तिथला न्यायवैद्यकाचा प्राध्यापक आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या एमओला, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याला, फोनवर सल्ला देऊ लागला तर निम्मं काम होईल. सीमा आडवी येते ती कागदात, नदीत नव्हे.

ग्रामीण रुग्णालयांच्या एमओंना मी वर्षानुवर्षं शिकवत आले. नवी इमारत कोणी मागत नाही, साध्या गोष्टी अडतात. व्हिसेरा संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवायचा, फॉर्मलिनमध्ये नाही. बरणी काठोकाठ भरायची नाही, नाहीतर उन्हाळ्यात वायू धरून झाकण उडतं आणि पेटी मांडीवर घेऊन एसटीनं निघालेल्या शिपायाचे हाल होतात. रक्ताला सोडियम फ्लोराइडची वेगळी बाटली. सर्पदंशाचा संशय असेल तर चाव्याजवळची त्वचा काढायची, आणि तुलनेला दुसऱ्या बाजूचीही. हे दोन्ही राज्यांत एकाच छापील नमुन्यात असतं तर तिकडचा रिपोर्ट इकडं वाचताना कोणी अडलं नसतं. युरोपातल्या प्रयोगशाळांनी 1995 मध्ये, आशियातल्यांनी 2008 मध्ये अशी जाळी विणली. तिथं एकमेकांच्या तपासण्या पारखतात, पद्धती जुळवतात. देशादेशांना जमतं ते दोन जिल्ह्यांना न जमायला काय झालं, हे मला काही समजत नाही.

तुम्ही सध्या एवढं करा. ज्या ठाण्यात मर्ग नोंद आहे तिथं जा, तेलुगू येणारं कोणी सोबत न्या. तुमच्या तालुक्यात ते शोधावं लागणार नाही. मर्ग नंबर घालून अर्ज द्या, की सीए रिपोर्टासह पीएम करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं अंतिम मत मागवावं. पोच घ्या. दवाखान्यातून केसपेपरची प्रत वेगळी मागा, लस दिल्याची नोंद त्यातच आहे. अनुदानाच्या कचेरीत 'अंतिम मत मागवले आहे' असं लेखी देऊन ठेवा, म्हणजे अर्ज निकाली काढायची घाई होणार नाही.