एकाच नावाच्या दोन मयत नोंदी, त्यातले आपले खापरपणजोबा कोणते?

तुमची अडचण अशी : खापरपणजोबा 1918 च्या साथीत गेले असं घरात सांगतात, आणि कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, त्याच वर्षी त्याच नावा-आडनावाच्या दोन मयत नोंदी निघाल्या. एकीत वय 30, दुसरीत 45. बापाचं नाव दोन्हींत नाही.

वयावरून निवाडा करू नका. घरचे सांगतील ते वय लिहिलं जायचं, आणि तेही अंदाजाचं. मृत्यूच्या कारणाचाही उपयोग नाही, कारण इन्फ्लुएंझाने गेलेली बहुतेक माणसं त्या रकान्यात नुसती 'ताप' म्हणून नोंदली आहेत. त्या वर्षीची सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ताप, ताप, ताप असं खालपर्यंत वाचत गेलो आणि वही मिटून बाहेर येऊन बसलो होतो.

एका गावात एका नावाचे दोघे असणं आपल्याकडे अगदी साहजिक. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. दोन भावांनी आपापल्या मुलाला तेच नाव दिलं की झाले दोन चुलतभाऊ एका नावाचे. मी स्वतः वर्षभर अशाच एका चुलत पणजोबांच्या मागे होतो, आपलेच समजून.

म्हणून आता माणूस सोडा आणि जमीन धरा. नावं जुळतात, पण दोघांचा सर्व्हे नंबर आणि त्यातला हिस्सा सहसा तंतोतंत एक नसतो. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) क्रमांक पाहा आणि एकेक फेरफार काढत मागे जा. मध्ये एक खड्डा लागेल : जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, आणि तिथे बरेच जण हरवतात. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) उतारा मागा, जुना नंबर त्यात मिळतो. मग त्या नंबरावरचे 1918 पासून पुढच्या तीन-चार वर्षांचे वारसाचे फेरफार मागा. मृत्यू झाल्याबरोबर वारस लागतच असे नाही, म्हणून एका वर्षावर थांबू नका.

त्या नोंदीत मयताचं नाव बहुधा बापासकट येतं, 'अमुक बिन तमुक' असं. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. पुढे वारस. तुमचे पणजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील, तर त्यांच्या नावापुढे 'अ. पा. क.' ही अक्षरं शोधा : अज्ञान पालन कर्ता, म्हणजे वयात न आलेल्या मुलाचा पालक. त्यापुढे बहुतेक वेळा आईचं नाव असतं. दोन मयतांपैकी ज्याच्या वारसांत तुमचे पणजोबा, तेच तुमचे.

आणि ते आईचं नाव लगेच वहीत उतरवून ठेवा. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुली बहुधा नसतातच, सुना तर त्याहून क्वचित. पोरगं अज्ञान राहिलं म्हणूनच त्या बाईचं नाव सरकारी कागदावर चढलं. माझ्या खापरपणजीचं नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, ते मला अशाच एका ओळीत सापडलं.

'ए. कु. मॅ.' दिसलं तर मात्र सावध व्हा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे थोरला भाऊ किंवा चुलता. जमीन त्याच्या नावावर असेल तर खापरपणजोबांच्या नावाचा फेरफार कदाचित झालाच नसेल, आणि तुम्हाला त्या मॅनेजरच्या मृत्यूपर्यंत पुढे यावं लागेल.

जमीन नसेल तर, किंवा असली तरी पडताळ्यासाठी, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या पुरोहितांकडे, जा. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की कोणाकडे जायचं ते कळतं. त्यांच्या वह्यांत आलेला माणूस आपल्या भावांची, मुलांची, चुलत्यांची नावं सांगून सही किंवा अंगठा करतो, म्हणून दोन चुलतभाऊ तिथे एकाच पानावर वेगळे दिसू शकतात. पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये फारसं काही मिळत नाही, पण आधीच्या शाळेचा रकाना कधी मूळ गाव सांगून जातो.

घराणं मराठवाड्यातलं असेल तर वाट निराळी : जुने कागद उर्दूत आणि वर्ष फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन जवळपास येतं. तिथे 1954-55 च्या खासरा पत्रकापासून (गावच्या जमिनींची नोंद) मागे जायला सुरुवात करा.

फेरफाराची नक्कल मोडीत निघाली तर अडून राहू नका. पूर्ण पानाचा फोटो काढा, समासासकट, कारण मंजुरीचा शेरा आणि तारीख कडेलाच असते. मला पाठवलात तर वाचून देईन.