गावी गेलो की मला खुर्ची देतात

“मॅडम, पुण्यात मी ‘तिकडचा’ आणि गावी गेलो की पाहुणा. मग मी नेमका कुठला?”

शिक्षण-नोकरीसाठी घर सोडलेल्या अनेकांचं हे दुखणं. हा तरुण गडचिरोलीतल्या गोंड कुटुंबातला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). झोप उडालेली, सुट्टी असूनही गावी जाणं टाळायचा. का, तर म्हणाला, “अंगणात सगळे खाली बसतात. मी दिसलो की काकी आतून प्लास्टिकची खुर्ची आणते, पदरानं पुसून देते. नको म्हटलं तरी ऐकत नाही.”

अशांना ‘स्वतःच्या आत डोकावून बघ’ म्हणायची आमच्या समुपदेशनाच्या व्यवसायात पद्धत आहे. इथे मला ती तोकडी वाटली. त्याच्या समाजात आपलेपणा असा मनात शोधत बसत नाहीत. अनोळखी गोंड भेटला तरी त्याचं कूळ कोणतं, त्या कुळाचे देव किती, चार, पाच, सहा की सात, एवढं कळलं की भाऊबंद की सोयरा ते ठरतं. पगार कुणी मोजत नाही.

ही झाली जन्माची जागा. वावरायची जागा वेगळी. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं निर्णय घेते. एकाला पटलं नाही तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. असा कारभार असला की न आलेला माणूस खरोखरच उणा पडतो.

म्हणून त्याला विचारलं, “तुझ्यावाचून गावात कुणाचं काय अडतं?”

बराच वेळ गप्प होता. मग आठवलं: त्याच्या गावची ग्रामसभाही आता तेंदूपत्ता स्वतः विकते, पण ठेकेदाराचा करारनामा वाचताना सगळे अडखळतात.

पुढच्या हंगामात रजा टाकून गेला. करारनामा ग्रामसभेत ओळीनं वाचून दाखवला, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा होतात त्या जागी, हिशेबाला बसला. सत्तर पानांचा एक पुडा. नोंदीत घोळ झाला तेव्हा काकीनं चारचौघांत झापलं, “शिकून काय उजेड पाडलास?” हे सांगताना गडी खुशीत होता.

गाव म्हणजे स्वर्ग नव्हे. भाऊबंदकी तिथेही आहे, आणि जमिनीच्या वाटणीत तो आता ओढला गेलाच. पुण्यातलं एकटेपणही अजून आहे. त्यावर आमच्या भेटी चालू आहेत.