आजोबांचा जुना आगफा क्लिक-थ्री हा रोलचा कॅमेरा घेऊन प्रागला जातेय. कोणता रोल घ्यावा आणि कशाचे फोटो काढावेत?

रोल इथून नेऊच नका. फोमापान १०० हा कृष्णधवल रोल (१०० म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, आकडा जितका मोठा तितका कमी प्रकाश पुरतो) चेकियातच, ह्राडेक क्रालोवे इथे बनतो. प्रागमध्ये १२० साइजमध्ये (या कॅमेऱ्यात बसणारा रुंद रोल) घ्या आणि शक्यतो तिथेच धुवून घ्या, म्हणजे विमानतळावरच्या सीटी स्कॅनरच्या किरणांनी न धुतलेला रोल खराब होण्याची कटकट नाही. ४०० चा मोह टाळा. क्लिकचं शटर जेमतेम १/३० सेकंदाचं आणि प्रकाश आत सोडणारं छिद्र एफ ८.८ किंवा ११ एवढंच, म्हणजे प्रकाश फारसा कमी करता येत नाही. भर उन्हात ४०० चा रोल पार करपेल. १०० लासुद्धा उन्हात थोडा जादाच प्रकाश मिळतो, पण कृष्णधवल निगेटिव्ह तेवढं पचवते.

१/३० म्हणजे हात हलला की फोटो गेला. कॅमेरा छातीशी दाबा, चार्ल्स पुलाच्या कठड्यावर टेकवा, मगच खटका दाबा. या पुलावर सूर्योदयानंतर लगेच जा. जुन्या शहराच्या बाजूने उभं राहिलात तर सूर्य पाठीशी आणि समोर प्रागच्या किल्ल्यावर ऊन. नंतर गर्दी इतकी होते की पुतळे तीस आहेत की तीनशे, कळत नाही! १४१० सालचं खगोलीय घड्याळ जुन्या शहराच्या टाउन हॉलच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर आहे, ते दुपारी घ्या. सेंट व्हिटस कॅथेड्रल आतून काळोखं, तिथे रोल फुकट घालवू नका.

लेन्स साधी एकभिंगी, कडा धूसर येणार. मला तेच आवडतं. मुख्य वस्तू मध्यात आणि चार-पाच मीटर लांब ठेवा. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो, आणि प्रत्येक फोटोनंतर रोल पुढे सरकवायला विसरू नका. हा कॅमेरा एकावर एक दोन फोटो बिनतक्रार काढतो.