डीन झाले आणि मैत्रीण माझ्याशी हिंदीत बोलायला लागली

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी कॉलेज-युनिव्हर्सिटीतली बरीच माणसं यायला लागलीयेत, आणि त्यातही हेड, प्राचार्य, डीन अशा पदावरची. प्रत्येकाची गोष्ट वेगळी पण प्रश्न जवळपास एकच, की पद तर मिळालं पण मी मधल्यामधे भरडली जातेय, वरचे म्हणतात आकडे आणा, खालचे म्हणतात तू आमची राहिली नाहीस, मग मी या खुर्चीला लायकच नाही का, राजीनामा देऊन मोकळी होऊ का? आज त्यातल्याच एका ताईंबद्दल लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. नाव देत नाही, ताईच म्हणते.

ताई इंदूरच्याच, माहेर-सासर दोन्ही इथलं. केमिस्ट्री शिकवण्यात पंचवीसेक वर्षं गेलेली, एका खाजगी युनिव्हर्सिटीत आधी हेड आणि मग डीन अकॅडमिक्स. म्हणजे अभ्यासक्रम, टाइमटेबल, परीक्षा, शिक्षकांचं वर्कलोड, नॅकच्या म्हणजे कॉलेज-युनिव्हर्सिटीला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या फायली, सगळं शेवटी यांच्या टेबलावर. अमेरिकेत याला बऱ्याच ठिकाणी प्रोव्होस्ट म्हणतात, आपल्याकडे कुठे प्रो-व्हीसी म्हणजे प्र-कुलगुरू, कुठे डीन, नाव काहीही असो काम तेच, कुलगुरूंच्या खाली आणि बाकी सगळ्यांच्या वर.

पहिल्या दिवशी रामबागेतल्या माझ्या खोलीत आल्या तेव्हा पाऊस होता, छत्री कुठे ठेवू विचारलं आणि बसल्या बसल्याच मोबाईल उलटा करून ठेवला. पाच मिनिटांत तो सात-आठ वेळा थरथरला, आणि दर वेळी त्यांचा हात तिकडे जायचा आणि परत यायचा. तीन महिने झोप नीट नाही, पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग टाइमटेबल डोक्यात फिरत राहतं. जेवण कमी झालेलं, छातीत धडधड. मी आधी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं, बीपी आणि थायरॉइड बघून घ्या म्हटलं, हे मी नेहमी करते कारण दर धडधडीला टेन्शनचं नाव देऊन चालत नाही. आणि सलग दोन आठवड्यांच्या वर मन उदास, कशातच रस नाही, जगण्याबद्दल काळे विचार असं असेल तर ते वेगळं प्रकरण, तेव्हा मानसोपचार डॉक्टरच लागतात, आणि रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट. ताईंचे रिपोर्ट बरे निघाले. काळे विचार नव्हते. थकवा होता आणि एक सल होता जो त्यांनी तिसऱ्या भेटीपर्यंत सांगितलाच नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. मी आधी फोनच्या मागे लागले. रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट करा, रविवारी मेल बघू नका वगैरे. ताईंनी प्रामाणिकपणे केलं आणि झोप आणखी बिघडली, कारण सकाळी उठून तीच सगळी कामं दुप्पट होऊन समोर यायची, वर अपराधी वाटायचं ते वेगळंच. फोन हे दुखणं नव्हतंच.

तिसऱ्या भेटीत बोलता बोलता म्हणाल्या, "ती माझ्याशी हिंदीत बोलायला लागलीये." आणि रडायला लागल्या.

इंदूरच्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपलं बाहेरचं सगळं हिंदीत, बाजार हिंदीत, ऑफिस हिंदीत, आणि घरात किंवा अगदी आपल्या माणसाशी मराठी. ताईंच्या डिपार्टमेंटात दोघीच मराठी, ही मैत्रीण आणि त्या, बावीस वर्षं लॅबच्या मागच्या खोलीत एकत्र डबा खाल्लेल्या. स्टाफरूमभर हिंदी चालू असताना या दोघींचं हळूच मराठीत चाललेलं असायचं, कुणाची साडी, कुणाच्या मुलाचं लग्न. ताई डीन झाल्या आणि सहा महिन्यांनी एक दिवस मैत्रीण केबिनमध्ये आली, उभीच राहिली आणि म्हणाली, "मॅडम, इस फाइल पर आपके साइन चाहिए." केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं. ताई म्हणाल्या अगं बस ना, तर "नहीं मॅडम, क्लास है."

भांडण काय होतं तर वर्कलोड. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं आणि असोसिएट, प्रोफेसरला १४, बाकी वेळ तयारी, रिसर्च, मुलं, असं धरून आठवडा ४० तासांचा. यांच्याकडे मॅनेजमेंटला दोन नवे प्रोग्राम त्याच वर्षी सुरू करायचे होते, नवी माणसं न घेता. हिशोब साधा आहे, तास वाढले आणि माणसं तेवढीच, तर कुणाचे १६ चे २१ होणार. त्यात आपल्या मध्य प्रदेशात नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासूनच लागू झालेलं, मेजर-मायनर म्हणजे मुख्य आणि जोड विषय, व्होकेशनल, चौथं वर्ष, आणि प्रत्येक मुलाचे क्रेडिट, म्हणजे शिकून मिळवलेले श्रेयांक, सरकारच्या ऑनलाइन अकॅडमिक बँकेत चढवायचे. धोरण वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मुलाला मधेच शिक्षण सोडावं लागलं तर हातात काहीतरी राहतं ही चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक नव्या पर्यायाला एक वर्ग लागतो आणि वर्गात एक माणूस लागतो, आणि तो माणूस कुठून आणायचा हे कुणीतरी डीनला सांगायला हवं ना. वर नॅकचं वर्ष. तेव्हाच्या पद्धतीने पाच वर्षांचा डेटा, सात क्रायटेरिया, प्रत्येक दाव्याला पुरावा. शिक्षक म्हणतात आम्ही शिकवू का फायली भरू, आणि खरंच आहे त्यांचं.

तर तास वाढवण्याचं सर्क्युलर ताईंच्या सहीने निघालं.

मी विचारलं, सर्क्युलर निघायच्या आधी मैत्रिणीशी काय बोलणं झालं होतं? म्हणाल्या, तिने विचारलं होतं की आमचे तास वाढणार आहेत का, मी म्हटलं, बघते मी. आणि कुलगुरूंना काय म्हणालात? "होईल सर, बघते मी."

एकच वाक्य दोन्हीकडे. ताईंच्या मनात त्याचा अर्थ होता की विचारून बघते, प्रयत्न करून बघते. मैत्रिणीने ऐकलं की ही थांबवेल. सरांनी ऐकलं की ही करून देईल. मी त्यांना एक डायरी करायला सांगितली, दिवसभरात ज्याला ज्याला "बघते" म्हणाल ते लिहा, पुढे काही नको, नाव आणि विषय बस. पुढच्या भेटीत आणली, अकरा दिवसांचे त्रेचाळीस निघाले. पानं उलटताना त्या गप्प झाल्या. हॉस्टेलच्या मेसपासून पीएचडीच्या गाइडपर्यंत, त्यातले निम्म्याहून जास्त विषय त्यांच्या हातातलेच नव्हते. आणि पहाटे साडेतीनला जाग का येते याचं उत्तर त्या डायरीत होतं, त्रेचाळीस माणसांना अर्धवट शब्द दिलेला, तो झोपू कसा देईल.

अशा पदावर बसलेल्यांना मला हे अगदी मनापासून सांगायचंय. तुम्ही कमजोर आहात म्हणून हे होत नाही. एकाच माणसाकडून दोन बाजू दोन उलट गोष्टींची अपेक्षा करतात याला रोल कॉन्फ्लिक्ट म्हणतात, अमेरिकेत मिशिगनच्या रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच हे मांडलं आणि यातून चिडचिड, ताण, कामाबद्दलची नाराजी येते हेही दाखवलं. म्हणजे दुखणं खुर्चीच्या जागेतच आहे. पण आपण त्यात भर घालतो ती अशी, की दोन्हीकडच्यांना दुखवायचं नाही म्हणून दोन्हीकडे मोघम बोलतो. चांगला शिक्षक डीन होतो तेव्हा तर हमखास, कारण वर्गात त्याचं सगळ्यांशी बरं असतं आणि इथे तसं राहणारच नसतं.

मग आम्ही तीन शब्दांवर काम केलं, ठरलंय, ठरायचंय आणि माझ्या हातात नाही. डायरीतल्या प्रत्येक नोंदीपुढे यातला एक लिहायचा. ऐकायला सोपं वाटतं पण ताईंना तिसरा शब्द लिहायला पेन उचलवेना. माझ्या हातात नाही हे लिहिलं म्हणजे मी नालायक असं वाटायचं. आम्ही एक अख्खी भेट फक्त यावर घालवली की युनिव्हर्सिटीत नक्की काय कुणाच्या हातात असतं. अभ्यासक्रम आणि शैक्षणिक दर्जा अकॅडमिक कौन्सिलकडे, त्याच्या खाली एकेका विषयाचं बोर्ड ऑफ स्टडीज, पैसा आणि नवी पदं वरच्या बॉडीकडे. डीनच्या हातात काय, तर विषय योग्य टेबलावर योग्य वेळी लेखी नेणं. ही छोटी गोष्ट नाहीये. तास वाढवण्याचा प्रश्न आजवर कॉरिडॉरमध्ये आणि कुलगुरूंच्या चहाच्या टेबलावरच चालला होता, कौन्सिलच्या अजेंड्यावर तो आलाच नव्हता!

आणि मग बोलण्याची प्रॅक्टिस. मी मैत्रीण झाले आणि समोर बसले. ताई सुरू झाल्या, "वर्कलोड वाढवण्याचा निर्णय घेण्यात आलेला आहे." मी थांबवलं, कोणी घेतला? "म्हणजे, तसं ठरवण्यात आलं." कोणी ठरवलं ताई? पाच-सहा वेळा असंच झालं, सर्क्युलरची भाषा तोंडातून जाईना. या घेण्यात आला, करण्यात आला मध्ये माणूसच नसतो, रागवायचं तरी कुणावर, म्हणून मग समोरचा सगळा राग सही करणाऱ्यावर काढतो. शेवटी सातव्यांदा त्या म्हणाल्या, "सही मी केली. मला पटलेलं नव्हतं तरी केली, कारण मी सरांना नाही म्हणू शकले नाही. आणि तुला आधी सांगितलं नाही, ते माझं चुकलं." हे म्हणताना आवाज हलत होता पण खांदे खाली आले होते, मला दिसलं ते.

राजीनाम्याबद्दल मी एवढंच म्हटलं की झोप नसताना घ्यायचा निर्णय नाही हा. नोव्हेंबरअखेरची तारीख टाकली, तोपर्यंत हा विषय घरात काढायचा नाही. त्यांचे मिस्टर रोज म्हणायचे सोडून दे गं, प्रेमापोटीच म्हणायचे, पण रोज तेच ऐकून ताईंना वाटायचं की यांनाही मी जमणारी वाटत नाहीये.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मागितली, आठवड्यातून एक तास वर्गात जा. डीन झाल्यापासून त्यांनी खडूच धरला नव्हता. म्हणाल्या वेळ नाही, मी म्हटलं बाकी सगळं नंतर, आधी हा एक तास. गुरुवारी फर्स्ट इयरचा एक तास घ्यायला लागल्या. पहिल्या गुरुवारी त्या वर्गातला प्रोजेक्टर बंद होता, फळ्यावरच शिकवलं, आणि तेव्हा त्यांना कळलं की प्रोजेक्टरची तक्रार दोन महिने पडून आहे. रिपोर्टमध्ये ते कधी आलंच नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी दोन पानांची नोट केली. कुठल्या विभागात किती माणसं, किती तास, नियमाप्रमाणे किती, नवे प्रोग्राम धरून किती, आणि दोन पर्याय, माणसं द्या किंवा एक प्रोग्राम वर्षभर पुढे ढकला. कुलगुरूंना आधी दाखवली. ते नाराज झाले, म्हणाले हे आधी का नाही सांगितलं. ताई म्हणाल्या, "सांगायला हवं होतं सर." मला वाटलं होतं त्या यावर कोसळतील, पण नाही.

मग सगळ्या हेड आणि सिनियर शिक्षकांची मीटिंग झाली. तिथे ताईंनी सही माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं, नोट वाचली. मैत्रीण उठली. "मॅडम, ये कॅल्क्युलेशन में लॅब के घंटे..." असं सुरू केलं तिने, आणि मधेच आवाज चढला आणि भर मीटिंगमध्ये मराठीत म्हणाली, "हे चूक आहे गं! लॅबचे तास तू धरलेच नाहीस, तुला माहितीये तिथे किती वेळ जातो, तू स्वतः केलंयस ना हे बावीस वर्षं?" अर्ध्या लोकांना कळलंच नाही काय चाललंय. ताईंनी तिथेच आकडा खोडला आणि नवा लिहिला.

हे मला सांगताना त्या हसत पण होत्या आणि डोळे पण पुसत होत्या. "भांडली ती माझ्याशी. सगळ्यांसमोर. मराठीत."

पुढे सगळं गोड झालं असं नाही. एक प्रोग्राम पुढे गेला, दुसरा सुरू झाला, त्याला एक कायम पद मिळालं आणि बाकी गेस्ट फॅकल्टी. काहींचे तास अजून अठरा आहेत. दोन शिक्षक सोडून गेले, त्यातला एक जाताना ताईंना बरंच बोलून गेला. नोव्हेंबरची तारीख आली आणि गेली, राजीनामा दिला नाही, पुढच्या मेमध्ये परत विचार करू म्हणाल्या. झोप आता पाचपर्यंत लागते. डायरी चालू आहे, "बघते" अजून निघतं तोंडातून पण लगेच पुढे जोडतात, शुक्रवारपर्यंत सांगते, किंवा हे माझ्याकडे नाहीये, तुम्ही अमक्याकडे जा.

मैत्रीण केबिनमध्ये फायली घेऊन येते तेव्हा अजून हिंदीतच बोलते. गुरुवारी मात्र ताईंचा तास संपला की दोघी लॅबच्या मागच्या खोलीत डबा उघडतात. बाकीचे दिवस नाही. मी विचारलं, एवढं पुरतं का? ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "सध्या पुरतंय."